फादर म्हणाले

बाजारात सगळे त्याला मौनी म्हणत. हे नाव शेजारच्या काचवाल्याने ठेवलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं की खऱ्या नावाने हाक आली तर मौनीला वळून बघायला जरा वेळ लागायचा. त्याचं काम कुशनचं. जुने सोफे, खुर्च्या, दवाखान्यातली बाकं उसवायची, आतला चोथा काढायचा, नवे पट्टे आवळायचे, काथ्या आणि फोम भरायचा, वर नवं कापड ताणून बसवायचं. या कामात एका हाताने कापड धरावं लागतं, दुसऱ्या हातात हातोडी असते, आणि देवाने तिसरा हात द्यायचा कंटाळा केल्यामुळे बारीक खिळे तोंडात धरावे लागतात. जिभेने एकेक खिळा ओठांशी आणायचा, हातोडीच्या चुंबकाच्या टोकाने उचलायचा आणि ठोकायचा. अशा माणसाला कुणी काहीही विचारलं तरी उत्तर एकच येतं. शनिवारी मिळेल का? हं. रंग उडणार नाही ना? हं. एका बाईंनी तर विचारलं होतं, माझा नवरा या खुर्चीतून कधी उठेल असं वाटतं का हो तुम्हाला? त्यावरही तो हंच म्हणाला, आणि बाई समाधानाने गेल्या.

असा हा सहा दिवस मुका माणूस सातव्या दिवशी प्रवचन करत असे. काचवाल्याला हे कळलं असतं तर त्याच्या हातून काच सुटली असती. पण ते फक्त मौनीला आणि त्याच्या बायकोला ठाऊक होतं. प्रवचन ऐकणारी एकटी मौनीची आई, आणि ते चर्चमधल्या फादरांचं आहे या समजुतीवर सगळा कारभार चालला होता.

तिघं तिसऱ्या मजल्यावर राहायची. मौनी आणि त्याची बायको कामासाठी खाली-वर करायची, आई फक्त वरच. तिच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून ती जिना उतरलेली नव्हती आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. खिडकीपाशी तिची खुर्ची होती. मौनीने ती खास उंच बैठकीची करून दिली होती, म्हणजे उठताना गुडघ्यांची मनधरणी करायला नको. त्या खुर्चीत बसून ती वाटाणे सोलायची, रेडिओ ऐकायची, खालच्या गल्लीत सध्या कोण कुणाशी बोलत नाही यावर लक्ष ठेवायची, आणि रविवारची वाट बघायची. लग्नाआधीपासून ती चर्चच्या कॉयरमध्ये गायली होती. तिचा आवाज खालच्या पट्टीतला. तसा आवाज एकटा ऐकला तर कुणी मान डोलावत नाही, पण तो नसला की सगळं गाणं लटपटतं. बरोबरीच्या गाणाऱ्या एकेक करून देवाघरी गेल्या होत्या. ज्या उरल्या होत्या त्या उशिराच्या मिस्सेला, म्हणजे रविवारच्या दुसऱ्या उपासनेला, जायच्या, आणि हे मौनीच्या पथ्यावरच पडलं होतं, कारण तो आईला सांगायचा की मी आपला पहिल्या मिस्सेला जातो.

रविवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून आईपुढे उभा राहायचा. ती कॉलर सरळ करायची. मोजे चढवता चढवता तो भिंतीवरच्या चर्चच्या कॅलेंडरवर त्या रविवारचा शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलातला, उतारा कोणता आहे ते बारीक अक्षरांतून वाचून घ्यायचा आणि निघायचा. चर्चच्या फाटकाशी पाऊल थोडं हळू व्हायचं, पण आत वळायचं नाही. बेकरीच्या कोपऱ्याला वळून तो आपल्या दुकानाचं शटर अर्धं उचलून आत शिरायचा, आणि त्या आठवड्यात जो सोफा नाहीतर जी खुर्ची तयार झाली असेल तिच्यात बसायचा. याला तो तपासणी म्हणत असे. गादी तासभर अंगाखाली दबल्याशिवाय तिचा स्वभाव कळत नाही, हे त्याचं म्हणणं खरंही होतं. सोबत थर्मासमधला चहा आणि पेपर. शटरखालून उन्हाची पट्टी आत यायची, नव्या कापडाचा वास सुटलेला असायचा, आणि ठोकाठोक बंद असल्यामुळे दुकान ओळखू येत नसे. एखादा म्हणेल, हीच त्याची प्रार्थना. उगाच काहीतरी. तो शब्दकोडं सोडवत बसायचा. पण सुखात असायचा, एवढं मात्र खरं.

हे सुरू कसं झालं, याला काही गोष्ट नाही, आणि मौनीला त्याचीच लाज वाटायची. लोक चर्च सोडतात तेव्हा त्यामागे काहीतरी घडलेलं असतं असं त्याला वाटे. त्याचं काहीच घडलं नव्हतं. कुणी अपमान केला नव्हता. देव नाही असंही त्याला कधी वाटलं नाही. त्या बाबतीत तो विचार करायला बसायचा आणि त्याचा डोळा लागायचा. एका रविवारी गिऱ्हाईकाला सकाळीच आरामखुर्ची हवी होती म्हणून त्याची मिस्सा चुकली. काम झाल्यावर तो दुकानात बसला आणि आता मनाला टोचणी लागेल म्हणून वाट बघू लागला. टोचणी आली नाही. पुढच्या रविवारी तो गेला, पण प्रवचनाच्या वेळी त्याच्या लक्षात आलं की आपण पुढच्या बाकाची शिवण बघतोय. मग पापनिवेदनाचा प्रकार झाला. पडद्याआडच्या फादरांना तो सवयीने म्हणाला, मी खोटं बोललो, आईचं ऐकलं नाही, ताईशी भांडलो. म्हणता म्हणता तो थबकला. ही यादी त्याने शाळेत असताना पाठ केली होती आणि पोटापाण्याला लागल्यावरही तीच चालवत होता. ताईशी तर त्याचं भांडण होऊन युगं लोटली होती. फादरांनीही नेहमीच्याच प्रार्थना म्हणायला सांगितल्या आणि जांभई दिली. त्या दिवसानंतर तो पापनिवेदनाला गेला नाही, आणि मग हळूहळू कशालाच गेला नाही. लहानपणचा शर्ट जसा आपण टाकत नाही, फक्त एक दिवस घालायचा थांबतो, तसं झालं.

बायकोचा प्रश्न सोपा होता. ती औषधांच्या दुकानात होती आणि रविवारची पाळी तिच्याकडे असायची. देवाला माझी ड्युटी माहीत आहे, म्हणून ती मोकळी झाली होती. पण मौनी मोकळा होऊ शकत नव्हता, आणि याचं कारण होती त्याची ताई.

ताईने चर्च सोडलं ते दार आपटून. तिने एका घटस्फोटित माणसाशी लग्न केलं. चांगला माणूस, घड्याळं दुरुस्त करणारा, मौनीपेक्षाही कमी बोलणारा. पण चर्चच्या हिशेबात त्याचं पहिलं लग्न मोडलेलंच नव्हतं. म्हाताऱ्या फादरांनी भर मिस्सेत, रांगेतून पुढे आलेल्या ताईला ख्रिस्तप्रसाद द्यायला नकार दिला. मागे कॉयरमध्ये आई उभी होती. ताई रडत घरी आली तेव्हा आई म्हणाली, फादरांचं काय चुकलं? बस, एवढंच म्हणाली. ताई गेली ती परत त्या जिन्याला शिवली नाही, आणि आईनेही फोन उचलायचं बंद केलं. त्या दिवसांत आई जेवणावरून उठून जायची. मग एकदा मौनीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, एक गेली, तू तरी आहेस. हा हात डोक्यावर पडल्यावर मौनीने काय सांगायचं? ताई निदान रागावून गेली होती. मी गेलो कारण मला जावंसं वाटलं नाही, हे ऐकून आई परत जेवण सोडेल, आपल्याशीही तोंड वळवेल, या भीतीने त्याने तोंडात खिळे नसतानाही तोंड मिटून घेतलं.

पण आई प्रश्न विचारायची. दर रविवारी, तो दारातून आत आला की पहिला प्रश्न: काय म्हणाले फादर?

पहिल्यांदा तो गडबडला आणि समोर जे दिसलं ते बोलला. त्या आठवड्यात त्याने एक सोफा उसवला होता, त्यावर आधीच्या कारागिराने जुनं फाटकं कापड न काढता वर नवं चढवलं होतं, त्याखाली आणखी एक. फादर म्हणाले, मौनी म्हणाला, माणसं पण अशीच करतात. फाटलं की वरून नवं चढवतात. आतल्या स्प्रिंगा कुणी बघत नाही. आई म्हणाली, म्हाताऱ्याला उतारवयात का होईना, समजेलसं बोलता यायला लागलं म्हणायचं.

खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात. मौनीला रेटावं लागलं नाही, ते आपोआप सुटलं. सहा दिवस तोंडात कोंडलेलं सगळं सातव्या दिवशी बाहेर यायला लागलं. हरवलेल्या मेंढराच्या उताऱ्याच्या रविवारी फादरांनी सोफ्याच्या फटीत हरवणाऱ्या वस्तूंबद्दल सांगितलं. मोहरीच्या दाण्याच्या रविवारी गादीखालच्या एका बारीक खिळ्याबद्दल सांगितलं, जो अख्ख्या घराची झोप उडवतो. बायको स्वयंपाकघरात पदराने तोंड दाबून हसायची. आई मात्र वाटाण्यांचं ताट बाजूला ठेवून ऐकायची. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी म्हातारे फादर तिला ख्रिस्तप्रसाद द्यायला वर यायचे तेव्हा तिने एकदोनदा त्यांच्या प्रवचनाची स्तुतीही केली. फादरांना ऐकायला कमी यायचं. ते म्हणाले, हो, कंबर फार दुखते. मौनीच्या जिवात जीव आला.

मग गेल्या उपवासकाळातला तो रविवार. ईस्टरच्या आधीचे ते आठवडे, आईने नेहमीप्रमाणे चहातली साखर सोडलेली. कॅलेंडरवर दोन मुलगे असलेल्या बापाची गोष्ट होती. धाकटा सगळं उधळून परत येतो आणि बाप त्याच्यासाठी मेजवानी घालतो, ती. मौनीने दुकानात बसून बराच विचार केला. घरी आल्यावर तो म्हणाला, फादर आज धाकट्याबद्दल काही बोललेच नाहीत. ते म्हणाले, त्या बापाने मेजवानीत एक खुर्ची रिकामी ठेवली असणार. मोठा मुलगा रुसून बाहेर उभा होता ना, त्याच्यासाठी. जो परत आला त्याला मिठी मारणं सोपं. जो येत नाही त्याच्यासाठी खुर्ची मांडून ठेवायची, हे अवघड. बापाने फक्त दार उघडून वाट बघितली नाही, म्हणे, तो उठून बाहेर गेला. प्रवचन इतकं रंगलं की शेवटी मौनीला ते साधंच सोडवेना. वर आणखी ठिगळ लावलं: आणि मग कॉयरने आलेलुया काय म्हटलं आई, तुझी आठवण झाली.

आईने विचारलं, आलेलुया म्हटलं?

दोनदा, मौनी म्हणाला.

ती खिडकीकडे वळली आणि बराच वेळ खाली बघत राहिली. मौनीने बिनसाखरेचा चहा तिच्या हातात दिला. तो तिने गार होऊ दिला. संध्याकाळी तिने फोन मागितला आणि ताईला लावला. काय बोलणं झालं ते मौनीला कळलं नाही, कारण तो आणि त्याची बायको स्वयंपाकघरात एकमेकांचे हात धरून उभे होते. पुढच्या आठवड्यात ताई जिना चढून वर आली, मागून घड्याळवाला, हातात केकचा डबा आणि चेहऱ्यावर आपण इथे आलेले चालेल का अशी शंका. आईने त्याला आपल्या उंच खुर्चीत बसवलं. तेव्हापासून दोघं पंधरा दिवसांतून एकदा येतात आणि घड्याळवाला आईच्या रेडिओत नाक खुपसून बसतो. मौनीला वाटलं, आपल्या थापेने एवढं केलं, तर थाप चालू राहायला हरकत नाही.

त्यानंतर म्हातारे फादर निवृत्त झाले आणि नवे आले. तरुण, सायकलवरून फिरणारे, सगळ्यांची विचारपूस करणारे. एका मंगळवारी ते मौनीच्या दुकानात हजर झाले. चर्चमधल्या बाकांपुढच्या गुडघे टेकायच्या फळ्यांवरच्या गाद्या पार चपट्या झाल्या होत्या, त्या नव्याने भरून हव्या होत्या. दोन नमुन्याला बरोबर आणल्या होत्या. मौनीने त्यातली एक उलटी केली आणि कडेला एक जुनं ठिगळ दिसलं. हे भोक त्याने स्वतः पाडलं होतं. लहानपणी प्रवचन चालू असताना बोटाने त्यातला काथ्या उपसत बसायचा आणि आई मागच्या कॉयरमधून येऊन चिमटा काढायची. म्हणजे एका अर्थी त्याने आपला धंदा तिथेच सुरू केला होता. त्याला हसू आलं, पण तोंडात खिळे होते.

फादर तयार सोफ्यावर टेकले आणि मनातलं बोलू लागले. लोक यायचे का थांबले, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. घरोघर जाऊन विचारत होते. पण सगळे चहा पाजतात आणि त्यांना बरं वाटावं म्हणून एखादं कारण देतात. एक म्हणतो गाडी लावायला जागा नाही, एक म्हणतो उदबत्तीसारखा तो धूप सोसत नाही. खरं कुणी सांगत नाही. तुम्ही येता की नाही, त्यांनी विचारलं.

हं, मौनी म्हणाला.

फादरांनी मान डोलावली आणि सांगितलं की आल्यापासून राहूनच गेलं होतं, पण येत्या शुक्रवारी ते त्याच्या आईला ख्रिस्तप्रसाद द्यायला येणार आहेत. तसा त्यांचा निरोप मौनीच्या बायकोच्या हातून घरी गेलाही होता. मग जाता जाता म्हणाले, पहिली मिस्सा बंद केल्यामुळे म्हाताऱ्या माणसांची गैरसोय तर होत नाही ना? आपण आल्यापासून ती बंदच आहे, येणारं कुणी उरलं नव्हतं.

एक खिळा मौनीच्या घशाच्या दारापर्यंत गेला. तो खोकला, लाल झाला, फादरांनी पाठीत धपाटे घातले तेव्हा कुठे खिळा फरशीवर पडला. मौनीने उरलेले खिळेही हातावर काढले. नव्या फादरांना येऊन बरेच महिने झाले होते. तितके रविवार तो इस्त्रीचा शर्ट घालून नसलेल्या मिस्सेला गेला होता. शुक्रवारी आई आणि फादर दोन वाक्यं बोलले की सगळं उघडं पडणार होतं. मग त्याने तिथेच, अर्धवट उसवलेल्या खुर्च्यांमध्ये उभं राहून, फादरांना सगळं सांगितलं. प्रवचनांसकट.

फादर आधी हसले. मग म्हणाले, "मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर मी खोटं कसं बोलू?"

"नका बोलू," मौनी म्हणाला.

"आणि कारण? तुम्ही का थांबलात?"

मौनीने प्रामाणिकपणे शोधलं. "कारण असतं तर दिलं असतं, फादर. एकदा आलो नाही. मग परत आलो नाही. तुमच्यावर राग नाही. मी बरा आहे."

फादर उसवलेल्या गादीकडे बघत बसले. "रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते," ते म्हणाले. "तुमची मी काय काढू?" आणि सायकलवर बसून गेले. मौनीला त्यांचं वाईट वाटलं. त्या दिवशी त्याने दोन्ही गाद्यांत जरा जास्तच चांगला फोम भरला.

घरी बायको म्हणाली, झाकली मूठ आता उघडणारच आहे, तर तूच उघड. फादरांच्या तोंडून कळण्यापेक्षा बरं. बुधवार त्याने धीर गोळा करण्यात घालवला. गुरुवारी संध्याकाळी तो नेहमीपेक्षा लवकर निघाला, प्रत्येक मजल्यावर थांबत वर आला आणि आईच्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसला. आई वाटाणे सोलत होती. त्याला ताईचं ते रडणं आठवलं, न उचललेला फोन आठवला. त्याने बोलायला तोंड उघडलं.

"आधी तोंडातलं काढ," आई म्हणाली.

एक खिळा होता. दुकानापासून तो तसाच आला होता. मौनीने खिळा काढून खिशात टाकला आणि सांगून टाकलं. की तो चर्चमध्ये जात नाही, फार दिवस झाले. की भांडण नाही, काही नाही. की प्रवचनं सगळी त्याची. की उद्या फादर येतील म्हणून नाही, तर, म्हणजे उद्या फादर येतील म्हणूनच, पण सांगायचं कधीचं होतं. त्याच्या आवाजात रडू यायला लागलं तसं आईने वाटाण्यांचं ताट त्याच्या मांडीवर ठेवलं.

"सोल," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"उपवासकाळात आलेलुया म्हणतात का रे?"

मौनीचा हात थांबला. म्हणत नाहीत. ईस्टरच्या आधीचे सगळे रविवार तो शब्द चर्चमध्ये कुणी उच्चारत नाही. थेट ईस्टरला तो परत येतो आणि कॉयरवाले अख्ख्या उपवासकाळाची हौस भागवतात. जन्मभर कॉयरमध्ये काढलेल्या बाईला त्याने ऐन उपवासकाळात, तिचा बिनसाखरेचा चहा करून देता देता, दोनदा आलेलुया ऐकवलं होतं.

"तुला वाईट वाटलं?" त्याने विचारलं.

"वाटलं. खोटं कशाला सांगू? तू मला फसवलंस म्हणून वाटलं, तू जात नाहीस म्हणून वाटलं. तू जावंस असं मला अजून वाटतं, ते काही माझ्या हातात नाही." तिने एक शेंग उचलली, मोडली, दाणे ताटात टाकले. "पण सगळ्यात वाईट वाटलं ते तुला माझी भीती वाटली याचं. ती भीती काय तू आभाळातून आणलीस? ताईच्या वेळी मीच घातली ती."

जरा घाबरतच मौनीने विचारलं की हे कळलं होतं, तर त्याच दिवशी तिने ताईला फोन कसा केला. ते प्रवचन तर फादरांचं नव्हतं.

आईने त्याच्याकडे असं बघितलं, जणू एवढंही कळत नाही का तुला.

"फादर म्हणाले असते तर नसता केला," ती म्हणाली. "फादरांचं ऐकूनच तर तिचा फोन उचलायचं सोडलं होतं. माझा मुलगा म्हणाला, म्हणून केला."

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. बायको ऐकत होती. मौनीने डोळे पुसले ते शर्टाच्या बाहीने, आणि बाहीवरचा काथ्याचा धागा डोळ्यात गेल्यामुळे आणखी पाणी आलं. मग दोघांनी मिळून वाटाणे संपवले. आई एवढंच म्हणाली की पहिल्या मिस्सेची घंटा वाजायची कधीच थांबली आहे, आणि दर रविवारी तू शर्ट घालून पुढे उभा राहिलास की मला हसू दाबताना नाकी नऊ यायचे. मग सांगितलं का नाहीस, त्याने विचारलं. सांगितलं असतं तर तू प्रवचन करायचा थांबला असतास, ती म्हणाली.

शुक्रवारी फादर आले तेव्हा जरा अवघडूनच आले. खुर्चीच्या टोकाला बसले आणि हवेबद्दल बोलले. आईनेच त्यांची सुटका केली. म्हणाली, तुम्ही सगळ्यांना विचारत फिरता असं ऐकलं, लोक का जातात म्हणून. माझ्या मुलीला तुम्ही घालवलंत, म्हणजे तुमच्या आधीच्यांनी, आणि त्यांना मी साथ दिली. मुलगा आपला आपण गेला, त्यात कुणाचा दोष नाही. सुनेची रविवारची पाळी असते. मी इथे आहे आणि मला प्रसाद हवा आहे. फादरांनी मान खाली घातली. मग त्यांनी प्रार्थना म्हटली आणि तिला ख्रिस्तप्रसाद दिला. दारात उभ्या मौनीने सवयीने हात जोडले होते, ते त्याने तसेच राहू दिले. त्यात काही ढोंग नव्हतं. आईचा चेहरा त्या वेळी जसा झाला तसा बघायला त्याला आवडलं. फादरांनी विचारलं, एखादं गाणं म्हणायचं का? आई म्हणाली, आलेलुया म्हणू या. सध्या चालतं. आणि तिने मुलाकडे तिरप्या नजरेने बघितलं. फादरांचा आवाज बरा होता. आईचा खालचा आवाज त्याखाली लागला तेव्हा ते गाणं एकदम भक्कम झालं, आणि स्वयंपाकघरातून मौनीची बायकोही त्यात मिसळली.

रविवारी मौनीने इस्त्रीचा शर्ट घातला. आता गरज नव्हती, पण आईने हाताने बोलावून कॉलर सरळ केली. कुठे चाललास, तिने मुद्दाम विचारलं. दुकानात, तपासणीला, तो म्हणाला, आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना त्याला इतकं हलकं वाटलं की तो जिना जवळजवळ पळत उतरला. चर्चच्या फाटकाशी त्याचं पाऊल नेहमीसारखंच हळू झालं. आत उशिराच्या मिस्सेसाठी कुणीतरी बाकं पुसत होतं. तो पुढे गेला, चहा प्यायला, शब्दकोडं अर्धं सोडवलं, एका नव्या खुर्चीत तासभर बसला. चांगली झाली होती खुर्ची.

घरी आला तेव्हा आईने ताट बाजूला ठेवलेलंच होतं. तो समोर स्टुलावर बसला. आणि काय झालं कळेना, त्याला बोलताच येईना. फादर नाही, आपणच बोलतोय हे तिला माहीत आहे, या विचारानेच जीभ जड झाली. त्याने घसा खाकरला, नखं बघितली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. तोंडात खिळे भरल्यासारखा नुसता बसून राहिला.

"माझ्या नावावर नाही जमत गं," तो शेवटी म्हणाला.

"मग फादरांच्या नावावर सांग," आई म्हणाली. "त्यांचं त्यात काय जाणार आहे?"

मौनी हसला. स्टूल थोडं पुढे ओढलं.

"फादर म्हणाले," त्याने सुरुवात केली.

"हं," आई म्हणाली.